मालकाचं काम वाईट कर

आधीच सांगितलेलं बरं: या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांचाही बसला नव्हता, मग तुमची काय कथा. वाईट काम करून नाव कमावलेले नट पैशाला पासरी मिळतील. पण वाईटच काम करीन असा शब्द देऊन, त्यासाठी जिवाचं रान करून, रोज सकाळी नव्या उमेदीनं वाईट करायला गेलेला आणि रोज संध्याकाळी चांगलं करून तोंड पाडून परत आलेला नट पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला. त्याला सगळे इन्स्पेक्टर म्हणत.

तो खरा इन्स्पेक्टर नव्हता. सव्वीस वर्षांत एकेचाळीस चित्रपटांत त्यानं इन्स्पेक्टरचं काम केलं होतं, एवढंच. त्यातही तो नेहमी सगळं उरकल्यावर यायचा. मारामारी संपली, खलनायक पालथा पडला, नायकाच्या ओठातून हवं तेवढं रक्त येऊन गेलं, की यानं जीपमधून उतरायचं आणि म्हणायचं, "कुणीही जागेवरून हलायचं नाही." हलण्याच्या स्थितीत तोवर कुणी उरलेलंच नसायचं. पण ते एक वाक्य त्यानं इतकं घोटलं होतं की एकदा बसमध्ये शिंक येतेय म्हणून त्यानं नुसता हात वर केला, तर मागच्या सीटवरच्या माणसानं तीन पाकिटं निमूटपणे त्याच्या मांडीवर आणून ठेवली. त्यातलं एक इन्स्पेक्टरचंच होतं.

राहायला तो थोरल्या बहिणीच्या मागच्या खोलीत. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सोळाची. त्याचा कान धरायचा जो हक्क तिला तेव्हा मिळाला, तो त्याच्या कानावर पांढरे केस आले तरी तिनं सोडला नव्हता. ती त्याला 'धाकट्या' म्हणायची, आणि त्या हाकेच्या सुरावरूनच जेवायला बोलावलंय की झाडायला, ते त्याला कळायचं.

ताई पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं पाडायच्या प्रेसवर होती. पत्रा ठेवायचा, पाय दाबायचा, वरून घाव, झाकण तयार. मिनिटाला अठरा. घाव आणि बोट यांच्यामध्ये काय, तर बाईची नजर. तीस वर्षं ताईची नजर हलली नव्हती, म्हणून तिची दहाही बोटं जागेवर होती. पण त्या वर्षी चार महिन्यांत तीन बायकांची बोटं गेली. कामगारांचं म्हणणं साधं होतं: प्रत्येक प्रेसला जाळी बसवा, हात आत असेपर्यंत घाव पडणार नाही अशी. मालकाचं म्हणणं त्याहून साधं: जाळीनं हात मंदावतो. झालं, संप.

बेचाळीस दिवस झाले होते. इन्स्पेक्टर एकही संध्याकाळ चुकला नव्हता. युनियनच्या सेक्रेटरीचा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. त्यानं घोषणा दिली की गेटवरची कुत्री तेवढी उठून बसत. म्हणून घोषणा इन्स्पेक्टर द्यायचा. सव्वीस वर्षं एकाच वाक्यावर भागवलेल्या माणसाला रोज दीड तास बोलायला मिळत होतं, आणि दोनशे माणसं मागून म्हणत होती. तो ते मनापासून करत होता. त्यात अभिनय नव्हता, हे त्याचा शत्रूही मान्य करील.

आणि अशा वेळी त्याला मुख्य भूमिका मिळाली. कारखान्याच्या मालकाची.

ते कमी होतं म्हणून की काय, शूटिंग होणार होतं डब्यांच्याच कारखान्यात. बंद कारखाना मालकानं चित्रपटवाल्यांना दिला. संपकऱ्यांनी गेट अडवलं. मग दिग्दर्शक पुढं झाला. हा पोरगेला, दाढीवाला. दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून समोरच्याकडे बघत बोलायचा. म्हणाला, चित्रपट तुमच्याच बाजूचा आहे, आणि संपकऱ्यांच्या गर्दीत मी तुम्हालाच घेणार. तीन तास बैठक झाली. शेवटी ठरलं की गेट कॅमेऱ्यासाठी उघडायचं, यंत्रासाठी नाही.

चित्रपटातही संप होता. मालक अंगणात येतो, खोक्यावर उभा राहतो, असं काही बोलतो की संपकरी टाळ्या वाजवत कामावर जातात आणि उरलेला दीड तास पस्तावतात.

इन्स्पेक्टर भाषणाचा कागद घेऊन घरी आला तेव्हा ताई वाळलेले कपडे घडी करत होती. भाऊजी खिडकीपाशी रेडिओ उघडून बसले होते. त्या घरात भाऊजींनी स्वतःचं मत शेवटचं मांडलं होतं ते लग्नाच्या दिवशी.

"मालक?" ताई म्हणाली.

"मुख्य भूमिका आहे, ताई. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोस्टरवर तोंड."

"कुणाचं?"

"माझं."

"आणि ते तोंड बोलणार काय? वाच."

त्यानं वाचलं. मालक म्हणतो, माझ्या वडिलांचं बोट याच प्रेसनं नेलं. ते दुसऱ्या दिवशी नऊ बोटांनी कामावर आले आणि म्हणाले, एक बोट कारखान्याला दिलं, म्हणून आता तो आपला झाला. जाळी पिंजऱ्याला असते. आपल्या घरात आपण जाळीआड बसून काम करतो का? मी तुम्हाला पिंजऱ्यात बसवणार नाही. तुम्ही माझी माणसं आहात.

वाचून झालं. रेडिओतून एक स्क्रू टपकन खाली पडला. भाऊजी म्हणाले, "मुद्दा आहे हां त्याच्या बोलण्यात."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजी स्क्रू शोधायला बाहेर गेले. स्क्रू आतच पडला होता.

"ताई, हे काम आहे गं," इन्स्पेक्टर म्हणाला. "गेल्या साली मी लाच घेतली होती चित्रपटात. म्हणून मी लाचखाऊ झालो का? उद्या खुन्याचं काम आलं तर—"

"खुन्याचं कर. दहा मुडदे पाड. ते बघून कुणी घरी जाऊन म्हणत नाही, की मुद्दा आहे हां त्याच्या सुरीत. हे ऐकून म्हणतात. आत्ताच म्हणाले."

"पण शेवटी कळतं ना सगळ्यांना, की मालक खोटारडा होता."

"शेवटी म्हणजे दीड तासानं. तोवर निम्मे उठून गेलेले असतात. तोंड तुझं, आवाज तुझा. गेटवर ज्या आवाजानं 'जाळी बसवा' म्हणतोस, त्याच आवाजानं म्हणणार, की जाळी पिंजऱ्याला असते. मग गेटवरच्या पोरींनी कुठला धाकटा खरा धरायचा?"

"मग नाही म्हणू?" तो म्हणाला, आणि हे विचारताना त्याचा आवाज असा काही निघाला की ताईनं हातातल्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"सव्वीस वर्षं थांबलास. नाही म्हण सांगायला मी काय तुझी वैरीण आहे? आणि तू नाही म्हणालास तर ते दुसरा आणतील. तो चांगलं करेल."

"मग?"

"तू घे. आणि वाईट कर."

"काय?"

"मालकाचं काम वाईट कर. असं कर की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माणूस वेळ सांगत असला तरी घड्याळ बघून घ्यावं."

"ताई, मी नट आहे."

"मग तुला काय कठीण? मी तुझे एकेचाळीसच्या एकेचाळीस चित्रपट बघितलेत."

त्यानं शब्द दिला. वाईट करीन, मनापासून वाईट करीन. ताई म्हणाली, "बघ हं." विषय संपला.

पहिल्या दिवशी ऑफिसातला प्रसंग होता. मालक मॅनेजरला झापतो. इन्स्पेक्टरनं ठरवलं, आवाजच काढायचा नाही. पुटपुटायचं. तो असा पुटपुटला की समोरच्या मॅनेजर झालेल्या नटाला पुढं वाकून ऐकावं लागलं. कट झाल्यावर दिग्दर्शक हातांच्या चौकटीतून त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ज्याच्या हातात सगळं आहे त्याला ओरडावं लागत नाही. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोलता बोलता मान खाजवली, खिडकीबाहेर पाहिलं, समोरची बाई बोट गेल्याचं सांगत असताना मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. सेटवरच्या चार जणांच्या अंगावर शहारा आला. ती बाई झालेली नटी शॉट संपल्यावरही रडायची थांबेना. तिसऱ्या दिवशी तो निम्मी वाक्यं विसरून गेला, मुद्दाम, आणि नुसता उभा राहिला. त्या उभं राहण्याला दिग्दर्शकानं दोन कोनांतून घेतलं. चौथ्या दिवशी त्यानं आपल्या जुन्या इन्स्पेक्टरचा आवाज लावला, म्हटलं हे तरी नक्की भिकार होईल, पण कोटाची बटणं लावता लावता तो आवाज असा बसला की लाइटवाला शिडीवरून उतरून म्हणाला, "साहेब, मला काढू नका."

मेकअप करणारा म्हातारा त्याला पहिल्या चित्रपटापासून ओळखत होता. इन्स्पेक्टरनं अखेर त्याच्यापाशी मन मोकळं केलं. म्हाताऱ्यानं त्याच्या गालावरचा रंग पुसता पुसता सगळं ऐकलं.

"अरे, साधं आहे," तो म्हणाला. "चांगलं करायचं म्हणून तू सव्वीस वर्षं भुवया उडवल्यास, नाकपुड्या फुगवल्यास. आता वाईट करायचं म्हणून तू अभिनय करणंच सोडलंस. आणि तू अभिनय सोडलास की बरा दिसतोस."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुझा उत्साह बघून धीर झाला नाही."

"मग आता वाईट करू तरी कसं?"

"पूर्वीसारखं चांगलं करायला जा."

इन्स्पेक्टर पाचव्या दिवशी पूर्वीसारखं चांगलं करायला गेला. भुवई उडवून पाहिली. ती उडेना. चार दिवसांत सवय मोडली होती. सव्वीस वर्षांत जे गेलं नव्हतं ते चार दिवसांत गेलं, आणि तेही नको तेव्हा. चरफडत तो खुर्चीवर येऊन बसला, तर शेजारच्या खुर्चीवर खरा मालक.

हो, कारखान्याचा. आपल्या कारखान्यात काय चाललंय बघायला म्हणून आला होता. सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी लिहीत होता.

"तुम्ही ते बोलता बोलता थांबता ना," खरा मालक खासगी आवाजात म्हणाला, "ते किती वेळ थांबता? मी मनात तीनपर्यंत मोजलं. बरोबर आहे का?"

इन्स्पेक्टरनं आपली खुर्ची हातभर लांब सरकवली. दुसऱ्या दिवशी मालक आला तो तसाच कोट शिवून. तिसऱ्या दिवशी त्याची चालही तशी झाली. गेटवरचा पहारेकरी गोंधळून दोघांनाही सलाम ठोकू लागला, आणि मग कुणाचा राहिला असेल म्हणून अधूनमधून मेकअपवाल्या म्हाताऱ्यालाही. तो म्हातारा सलाम ठेवून घ्यायचा.

घरी ताई रोज विचारायची, "कसं झालं?"

"वाईट."

"नक्की?"

"माझ्याकडून काही कसर नाही ठेवली."

पण गर्दीतली कामं करणारे संपकरी दिवसभर तिथंच असत, आणि भिंतीला कान असतात तसं संपालाही तोंड असतं. सातव्या दिवशी शेजारीण ताईला म्हणाली, "काय गं काम करतोय तुझा भाऊ. मला तर वाटलं, जाऊन त्याला घरचं दुखणंखुपणं सांगावं." त्या संध्याकाळपासून ताई त्याच्याशी बोलेनाशी झाली. जे काय ते भाऊजींमार्फत. "त्यांना विचारा, जेवणार आहेत का." भाऊजी विचारत. "त्यांना सांगा, मालक लोकांना आमच्याकडचं रुचत नसेल तर तसं सांगावं." भाऊजी तेही सांगत, फक्त आवाज थोडा खाली घेऊन. लेकी सासरी गेल्यापासून तीन माणसं उरलेल्या घरात अडीच हातांवर बसलेल्या बहीणभावाला निरोप्या लागावा, याहून छळ कोणता.

शेवटी इन्स्पेक्टर दिग्दर्शकाकडे गेला. म्हणाला, मला हे जमणार नाही. माझी मतं वेगळी आहेत. मी जे बोलतो ते मला खोटं वाटतं, आणि तुम्हाला सगळ्यांना ते खरं वाटतंय, हे मला सहन होत नाही.

दिग्दर्शकानं पहिल्यांदाच हात खाली घेतले. "तुमची मतं तीच माझी मतं," तो म्हणाला. "म्हणूनच मालक दुबळा नको. तुम्ही बावळट मालक दाखवलात तर लोक काय म्हणतील? असल्या बावळटाला दोनशे माणसं फसली, म्हणजे ती किती बावळट. मालक जितका पटेल तितकी तुमची ताई शहाणी ठरते."

हे इन्स्पेक्टरला पटलं. इतकं पटलं की तो तसाच घरी आला आणि भाऊजींना मध्ये न घेता ताईला सगळं सांगितलं. ताई ऐकत होती. ऐकून घेऊन म्हणाली, "त्या दाढीवाल्याला सांग, तीस वर्षं मी त्या प्रेसवर बसले ती मालकाच्या बोलण्याला भुलून नाही. मला कामाची गरज होती म्हणून. तो बोलला काय आणि शिंकला काय. आम्ही भाषणाला फसलो असं दाखवणार म्हणजे आम्हाला बावळटच दाखवणार ना? मग मालक चांगला असो की वाईट."

हेही इन्स्पेक्टरला पटलं. हीच तर त्याची गत होती. जो बोलेल त्याचं पटायचं. दोन शहाण्या माणसांच्या मधोमध उभं राहून दोघांनाही मान डोलवायची आणि रात्री उशीवर डोकं ठेवलं की स्वतःच्या मताला हाक मारायची. ते काही ओ देत नसे. रागवावं तर कुणावर? दिग्दर्शक खोटं बोलत नव्हता. ताई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलत होता तो एकटाच, आणि तेच तेवढं सगळ्यांना खरं वाटत होतं.

"उद्या भाषणाचा प्रसंग आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. मला तिसऱ्या रांगेत उभं केलंय," ताई म्हणाली. "तुझा शब्द तुला आठवतोय ना?"

"आठवतोय."

दुसऱ्या दिवशी अंगणात दोनशे माणसं उभी होती, चित्रपटात संपकरी आणि घरीही संपकरी. सकाळच्या उन्हात इन्स्पेक्टर कोट घालून खोक्यावर चढला. आधी कॅमेरा त्याच्यावर होता. ते कसंबसं पार पडलं. मग कॅमेरा वळवून गर्दीकडे लावला. चित्रपटाची ही रीतच आहे: बोलणारा एकदा घ्यायचा, ऐकणारे पुन्हा वेगळे घ्यायचे. ऐकणाऱ्यांचे चेहरे घेताना मोठे नट सावलीत जाऊन सरबत पितात आणि कागदावरचं कुणीतरी मदतनीस कोरड्या आवाजात वाचून दाखवतो. इन्स्पेक्टरनं मात्र जन्मात असं केलं नव्हतं. समोरच्याच्या शॉटला तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून आपलं वाक्य स्वतः बोलायचा. तेवढी एकच त्याची धंद्यातली अब्रू होती.

त्यानं भाषण केलं. आता टाळ्या पडायच्या होत्या. एक पडली नाही.

दिग्दर्शकानं समजावलं. पुन्हा भाषण. दोनशे माणसं हाताची घडी घालून उभी. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा एकानं जांभई दिली. दिग्दर्शक गयावया करू लागला, तेव्हा सेक्रेटरी पुढं आला आणि म्हणाला, "आम्हाला दहा मिनिटं द्या, बैठक घ्यायची आहे." बैठक झाली, ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, हात वर झाले. ठराव असा: मालकाला टाळी नाही, मग तो मालक खरा असो वा चित्रपटातला. वर झालेले हात कॅमेरावाल्यानं गुपचूप घेऊन ठेवले, न जाणो कुठे उपयोगी पडले तर.

"अहो, पण हा मालक कुठाय?" दिग्दर्शक कळवळून म्हणाला. "हे तुमचे इन्स्पेक्टर आहेत. रोज संध्याकाळी तुमच्या घोषणा देतात."

संपकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, "मग कोट काढून बोलू दे त्याला. कोट घातलेल्याला टाळी नाही."

आणि इथंच सगळं घसरलं. कारण कॅमेरा होता गर्दीकडे. इन्स्पेक्टर त्यात दिसतच नव्हता. त्यानं कोट घातला काय, नि काढला काय, दिग्दर्शकाला फरक शून्य. दिग्दर्शकानं आनंदानं उडीच मारली. "काढा, काढा," तो म्हणाला. सेक्रेटरीही खूश: ठराव मोडला नाही आणि पाहुण्यांचं कामही झालं. दोनशे माणसांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही की कोटातल्या मालकाचं बोलणं निदान मालकाचं बोलणं म्हणून ऐकू येत होतं. एकट्या ताईच्या आलं असावं. तिसऱ्या रांगेतून ती इन्स्पेक्टरकडे टक लावून बघत होती.

इन्स्पेक्टरनं कोट काढून खोक्यावर ठेवला. आत त्याचा रोजचा शर्ट होता, ताईनं कॉलर उलटून शिवलेला. त्याच शर्टात तो आतापर्यंत पन्नास संध्याकाळी गेटवर उभा राहिला होता. समोर तीच माणसं, तोच आवाज, हातात मालकाचा कागद. कॅमेऱ्यामागे खऱ्या मालकानं सिगारेटचं पाकीट गुडघ्यावर ठेवून पेन्सिल उचलली.

"अॅक्शन," दिग्दर्शक म्हणाला.

इन्स्पेक्टर गप्प उभा राहिला. तीन मोजून झाले, सहा झाले, दहा झाले. मग त्यानं काय केलं असेल? त्यानं तो कागद उभा फाडला, आडवा फाडला, आणि तुकडे वाऱ्यावर सोडले. आणि असा बोलला, असा बोलला, की विचारू नका. ज्या तीन बायकांची बोटं गेली होती त्यांच्याविषयी बोलला. कुठल्या हाताचं, कितवं, किती वाजता, सगळं बोलला. जाळी पिंजऱ्याला नसते, जाळी तुमच्या यंत्राच्या तोंडाला पाहिजे, म्हणाला, कारण चावतं ते यंत्र. त्याच्या शेवटच्या वाक्याला दोनशे माणसांनी अशी टाळी वाजवली की कारखान्याच्या छपराचे पत्रे चार बोटं वर उचलले आणि पुन्हा आपापल्या जागी बसले. आत बंद पडलेल्या प्रेस आपोआप एकेक झाकण पाडून मोकळ्या झाल्या. दिग्दर्शक रडत होता आणि कॅमेरा चालू होता. खरा मालक इतका भारावला की उठून उभा राहून टाळ्या पिटू लागला, आणि कशाला टाळी वाजवतोय ते कळायच्या आत त्यानं सिगारेटच्या पाकिटावर सगळ्या प्रेसना जाळ्या मंजूर करून खाली सही ठोकली. सेक्रेटरीनं ते पाकीट—

"धाकट्या, पुरे."

खोलीत गोष्ट ऐकत बसलेल्या भाच्या, त्यांची मुलं, शेजारपाजारचे सगळे मागं वळले. भिंतीशी खुर्चीत बसलेली म्हातारी गोष्ट सांगणाऱ्याकडेच बघत होती, आणि तिनं मारलेली हाक जेवायला बोलावण्याची नव्हती.

"काही फाडलं नाहीस तू," ती म्हणाली. "कागदावर होतं तेच बोललास, अक्षर न अक्षर. जाळ्या आल्या त्या पुढच्या साली, आणखी दोघींची बोटं गेल्यावर. मी तिसऱ्या रांगेत होते. तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुला मजा येत होती, धाकट्या. जन्मात पहिल्यांदा तू इतकं चांगलं बोलत होतास. आणि पहिली टाळी वाजली ती माझी."